पिवळी गाडी माझ्यामागे कोणी चालवावी याविषयी

मी, खाली सही करणारी, वय वर्षे अडुसष्ट, धंदा शिवणकाम, आज सकाळी चहा घेऊन, चष्मा लावून, स्वतःच्या टेबलाशी बसून हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहीत आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे. तसा दाखला डॉक्टरांनी दिला असून तो सोबत टाचला आहे. मला कोणी धाक घातलेला नाही की गोड बोलून गळ घातलेली नाही. हृदयाची एक झडप निकामी होत चालली आहे, पण झडप म्हणजे मेंदू नव्हे. वकीलबाईंनी छापील नमुना दिला होता. त्यात प्रत्येक वस्तूपुढे दीड ओळ जागा होती. माझी एक वस्तू दीड ओळीत मावेना, म्हणून मी कोरे कागद घेतले.

मागच्या वर्षी मी एक मृत्युपत्र केलं होतं. ते या लेखाने रद्द समजावं. त्यात गाडी विकून टाकावी असं लिहिलं होतं. ते मी घाबरून लिहिलं होतं, आणि घाबरून केलेली शिवण उसवावीच लागते.

कलम एक. राहतं घर, म्हणजे दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागची पत्र्याची शेड, माझ्या नावावर आहे. माझ्या पश्चात माझे पती (पुढे नुसतं 'हे' म्हणेन, घरात तसंच म्हणते) यांनी हयात असेपर्यंत तिथे राहावं. त्यानंतर घर मुलाचं. यांच्या हयातीत शेडचा एक पत्राही हलवू नये. घरातलं सामान, विशेषतः खुर्च्या, आहेत त्या जागेवरून हलवू नयेत. गेल्या वेळी सूनबाईने हौसेने टेबल खिडकीशी नेलं आणि यांची नडगी फुटली. तिचा हेतू चांगला होता. नडगी मात्र यांची होती.

कलम दोन. बँकेत जे असेल ते मुलाने सांभाळावं आणि वडिलांच्या औषधपाण्याला वापरावं. त्याला सांगायची गरज नाही, तो सरळ आहे. तरी लिहिलेलं बरं.

कलम तीन. शिवणयंत्र सूनबाईला. तिला शिवता येत नाही, पण तिने मागून घेतलं. मागून घेणाऱ्याला द्यावं. मोठी कात्रीही तिलाच. अट एकच, त्या कात्रीने कागद कापायचा नाही. शाळांचे गणवेश कापण्यात माझी चौतीस वर्षं गेली, तेवढ्यात त्या कात्रीला कागद शिवलेला नाही.

कलम चार. शेडमधल्या हत्यारांबद्दल मी काही लिहीत नाही. ती यांची आहेत, आणि जे माझं नाही ते देण्याचा मला अधिकार नाही. हे वाक्य कोणासाठी लिहिलंय ते पुढे कळेल.

कलम पाच. गाडी.

दोन दारांची, आठ सिलिंडरची, लांब नाकाची, पिवळी. हौशी लोक हिला मसल कार म्हणतात. मुलाने मला त्याचा अर्थ सांगितला तेव्हा मी म्हटलं, बरोबर आहे, हिचा क्लच दाबायला मसलच लागतात. नोंदणी माझ्या नावावर आहे. ती तशी का, हे सांगायचं तर यांच्याविषयी लिहावं लागेल.

हे बसडेपोत इंजिन फिटर होते. डेपोत यांना 'कानसेन' म्हणत. बस फाटकातून आत शिरली की हे चहाचा कप खाली न ठेवता सांगायचे, तिसऱ्या सिलिंडरचा वॉल्व गेलाय. खोलून बघितलं की तिसऱ्याचाच निघायचा. पुढे काचबिंदू झाला. आधी कडा गेल्या, मग मधलं गेलं. त्रेपन्नाव्या वर्षी डेपोने यांना हार घालून घरी पाठवलं. मी डॉक्टरांना विचारलं होतं, माझा एक डोळा यांना बसवता येईल का. ते म्हणाले, बाई, डोळ्याचा दोष नाही, मागची नसच सुकली आहे. ते ऐकून हे म्हणाले, "वायरिंगच जळलंय म्हणा की. मग दिवा बदलून काय उपयोग?"

वर्षभर हे पुढच्या खोलीत बसून होते. मी शिवत बसायची आणि हे माझ्या यंत्राचा आवाज ऐकत बसायचे. एकदा म्हणाले, "तुझ्या यंत्राचा पट्टा सैल झालाय." दुसऱ्या दिवशी तो तुटलाच. तेव्हा मला उमगलं की माणूस निकामी झालेला नाही, नुसता बसवून ठेवलाय.

त्याच सुमारास गावातल्या बंद पडलेल्या थिएटरचे मालक घरी आले. थिएटर चालू होतं तेव्हा रविवारच्या सुट्टीत हे तिथला जनरेटर धडधडता ठेवायचे, त्याची मालकांना जाण होती. इमारत पाडायची होती आणि मागच्या शेडमध्ये त्यांच्या वडिलांची गाडी पंचवीस वर्षं पडून होती. "भंगारात घालायला जीव होत नाही," ते म्हणाले. "तुम्ही घेता?"

आम्ही बघायला गेलो. म्हणजे मी बघायला आणि हे हात लावायला. मला जे दिसलं ते सांगते: चारही चाकं जमिनीत रुतलेली, छतावर पडद्याची चिरगुटं, सीटच्या स्प्रिंगांत उंदरांचा संसार. मी म्हणणार होते, चला घरी. तेवढ्यात यांनी बॉनेट उघडायला लावलं, बाही वर केली, खांद्यापर्यंत हात आत घातला आणि पंख्याचा पट्टा धरून जोर लावला. काहीतरी इंचभर सरकलं.

"फिरतंय," हे म्हणाले. "अगं, अडकलेलं नाही. फिरतंय!"

वर्षभरात यांचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला असं मला वाटलं.

पाच वर्षं लागली. आमच्याकडे आठशे डबे झाले असतील. प्रत्येक नट कोणत्या डब्यात आहे ते यांना पाठ. इंजिन सुटं केल्यावर प्रत्येक भागावरून हे नख फिरवायचे आणि नख अडखळलं की म्हणायचे, इथे खरादकाम लागेल, लेथवर घासावं लागेल. आमचे खरादी मिस्त्री, ज्यांचं नाव पुढे साक्षीदारांत येईल, मोजपट्टी लावून बघायचे आणि मान डोलवायचे. एकदा त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "वहिनी, माझं मोजमापाचं यंत्र आणि यांचं नख यांत फरक पडला तर मी यंत्र तपासून घेतो."

पत्रे ठोकणाऱ्याशी मात्र यांचं वाजलं. त्याने डावं दार सपाट करून आणलं. यांनी माझा एक जुना सुती मोजा हातात घातला आणि दारावरून तळवा फिरवला. मोज्यातून खळगे जास्त कळतात, हे मला तेव्हाच समजलं.

"इथे लाट आहे," हे म्हणाले.

"दादा, मला तर आरशासारखं सपाट दिसतंय."

"तुला दिसतंय ना, तिथेच घोटाळा आहे."

पत्रेवाला चिडून दार उन्हात घेऊन गेला, त्यावर पाणी ओतलं आणि तिरपा उभा राहून बघू लागला. मग दार परत घेऊन गेला. आज तो स्वतः हातात मोजा घालून काम करतो आणि ही युक्ती आपलीच म्हणून सांगतो. सांगू दे.

रंगाची वेळ आली तेव्हा हे म्हणाले, "तू रोज बघणार आहेस, तूच ठरव." आयुष्यभर मी निळे गणवेश शिवले. मी म्हटलं, निळा सोडून काहीही. रंगाऱ्याने तुकडे दाखवले त्यातला पिवळा मला आवडला. यांनी विचारलं, कसा आहे? मी म्हटलं, दिवाळं निघालं तरी हसणारा माणूस असतो ना, तसा. हे समाधानाने म्हणाले, "मग शोभेल."

सीट मी शिवल्या. काळ्या, उभ्या पट्ट्यांच्या, दुहेरी टाक्यांच्या. त्यात एकही सुरकुती नाही. असेल तर दाखवावी.

पहिल्यांदा इंजिन चालू केलं तेव्हा कार्बुरेटरमधून वीतभर जाळ वर आला आणि मी शेडच्या बाहेर पळाले. हे जागचे हलले नाहीत. डोकं तिरकं करून म्हणाले, "बंद कर. पाचव्याची आणि सातव्याची वायर अदलाबदल झालीय." त्या आठ वायरी मी लावल्या होत्या, धडधडीत उजेडात, दोन्ही डोळ्यांनी बघून. मग मी प्रत्येक वायरीला दोऱ्याच्या गाठी मारल्या, पहिलीला एक, आठवीला आठ, आणि यांनी त्या चाचपून स्वतः लावल्या. त्यानंतरचा तो आवाज! शेडचे पत्रे थरथरले, शेजारची नर्सबाई डबा हातात घेऊन धावत आली, आणि हे इंजिनवर दोन्ही तळवे ठेवून उभे राहिले, तान्ह्या मुलाच्या पाठीवर ठेवतात तसे.

आता चालवणार कोण? मुलगा दूर नोकरीला. खरादी मिस्त्रींनी एकदा नेली आणि परत आणून म्हणाले, माझ्यानं नाही होणार, ही गाडी नव्हे, उधळलेला बैल आहे. तेव्हा यांनी माझ्याकडे तोंड केलं. मी म्हटलं, मी छप्पन्न वर्षांची आहे, मला सायकल येत नाही. हे म्हणाले, "सायकल पडते. ही पडत नाही."

मी शिकले. हे शेजारी बसून नुसत्या आवाजावरून सांगायचे: आता दुसरा टाक, आता तिसरा, क्लच अर्धाच सुटलाय, पूर्ण सोड. परीक्षा घेणाऱ्या साहेबांनी गाडी पाहिली, मला पाहिलं, आणि मागे बसलेल्या यांना विचारलं, "आजोबा, तुम्हाला भीती नाही वाटत?" हे म्हणाले, "तिने आजवर एक कापड वाकडं कापलेलं नाही." मी पहिल्याच फेरीत पास झाले. गाडी माझ्या नावावर केली ती यांनी त्याच आठवड्यात. म्हणाले, जो चालवतो त्याची.

बारा वर्षं दर रविवारी सकाळी आम्ही कालव्याच्या कडेच्या रस्त्याने गेलो. काच खाली, यांचा हात बाहेर, तळवा वाऱ्याला. आवाज कुठे आपटून परत येतो त्यावरून हे सांगायचे: गोदामाची भिंत संपली, आता झाडं, आता पूल, आता मोकळं. मोकळं म्हटलं की मी पाय दाबायचे. रस्त्यात माणसं थांबून बघायची. पोरं ओरडायची. मी म्हातारी बाई चालवतेय हे दिसल्यावर जास्तच ओरडायची. मला ते आवडायचं, हे मी इथे लेखी कबूल करते.

कलम सहा. नणंद.

यांना एकच बहीण, यांच्याहून सात वर्षांनी धाकटी. तीस वर्षं अँब्युलन्स चालवली. अठरा वर्षांपूर्वी, हे डेपोतून घरी आले त्या आठवड्यात, ती आली आणि यांच्या देखत मला म्हणाली, "वहिनी, दादाला खुर्ची द्या, रेडिओ द्या. हत्यारांना हात लावू देऊ नका, बोटं तोडून घेईल." मी पाणी आणायला आत गेले आणि हे पलंगावर कुशीला वळले, तेवढ्यात तिने यांची हत्यारांची पेटी उचलली, गाडीत टाकली आणि मुलांना कारागिरी शिकवणाऱ्या एका शाळेला देऊन टाकली. उमेदवारीच्या पहिल्या दिवसापासून जमवलेली हत्यारं! दुसऱ्या दिवशी यांचा हात फळीवर चाचपत राहिला, या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि मग परत. मला ते बघवलं नाही. मी शाळेत गेले, निम्मी पेटी परत मिळाली. नणंदेला मी फोनवर जे बोलले ते या कागदावर लिहिण्यासारखं नाही. त्यानंतर आम्ही बोललो नाही. यांनी बोलावं म्हणून मी कधी अडवलं नाही, पण हे माझ्यासाठी गप्प राहिले, हेही मला ठाऊक आहे.

गेल्या उन्हाळ्यात डॉक्टरांनी मला गाडी चालवायला बंदी केली. सात आठवडे गाडी शेडमध्ये होती. रविवारी सकाळी हे शेडमध्ये जायचे, इंजिन चालू करायचे, शेजारच्या सीटवर बसायचे, पाच मिनिटांनी बंद करून घरात यायचे. तक्रारीचा एक शब्द नाही. मुलाने फोनवर सांगितलं, "आई, जुन्या गाड्या जमवणारे लोक आहेत, काचेच्या आड जपून ठेवतील. बाबांना त्रास होईल, पण चालवणार कोण?" तेव्हाच मी ते रद्द केलेलं मृत्युपत्र लिहिलं. आठव्या रविवारी शेडमधून इंजिनाचा आवाजच आला नाही. जाऊन बघितलं तर हे नुसते सीटवर बसलेले. "आज राहू दे," म्हणाले.

मी घरात आले आणि नणंदेचा नंबर फिरवला. पाठ होता, याचा मलाच राग आला.

"कोण?"

"वन्सं, मी वहिनी बोलतेय."

"दादाला काय झालं?"

"दादाला काही नाही. मला झालंय. जड क्लच दाबता येतो का तुम्हाला अजून?"

"वहिनी, मी तीस वर्षं अँब्युलन्स चालवली आहे."

"ते माहीत आहे. विचारलंय त्याचं उत्तर द्या."

"येतो," ती म्हणाली. आणि मग अगदी हळू, "येऊ का?"

पुढच्या रविवारी ती आली. मी यांना सांगितलं नव्हतं. ती शेडच्या दारात उभी राहिली तसे हे आतूनच म्हणाले, "टाचा घासत चालायची सवय गेली नाही तुझी." चाकाशी उकिडवी बसून तिने पदराने डोळे पुसले आणि म्हणाली, "दादा, मी घाबरले होते रे. रोज मी अशीच माणसं उचलत होते, ज्यांचा हात आयुष्यात एकदाच चुकला होता. तुझं तसं होईल असं वाटलं."

हे म्हणाले, "माझा एकोणीस नंबरचा पाना अजून सापडलेला नाही."

"नवीन आणते."

"नवीनला तसा हात बसत नाही," हे म्हणाले. मग गाडीच्या छतावर दोनदा थाप मारून, "चल. किल्ली तुझ्या वहिनीकडे आहे, माग तिच्याकडे."

तिने माझ्याकडे हात पसरला. अठरा वर्षांचा राग एका किल्लीएवढा जड असतो, हे मला माहीत नव्हतं. मी किल्ली दिली.

मी मागे बसले. ती सीट मीच शिवलेली, पण बारा वर्षांत तिच्यावर कधी बसले नव्हते. गुडघे हनुवटीला लागतात. नणंदेने गाडी रस्त्याला काढली. हे म्हणाले, "आता तिस..." आणि तिने तिसरा आधीच टाकला होता. हे मोठ्याने हसले. माझा जळफळाट झाला, खोटं कशाला बोलू? बाई चालवते सुंदर. वळणावर गाडी अशी नेते की मांडीवरच्या भांड्यातलं पाणी सांडू नये. आत कोणीतरी दुखऱ्या अंगाचं झोपलंय असं समजून तीस वर्षं चालवलं की असा हात बसतो.

पूल गेला. हे म्हणाले, मोकळं. आणि तिने पाय दाबला. मी कधी दाबला नाही एवढा दाबला. आठही सिलिंडर एका सुरात गर्जले, मी सीटला चिकटले, आणि त्या क्षणी मला यांचा चेहरा दिसला. बाजूने, वाऱ्यात केस उडत असलेला. भुवया वर गेलेल्या, ओठ थोडे उघडे, जणू कोणी एकेक शब्द करून आनंदाची बातमी सांगतंय आणि हे पुढच्या शब्दाची वाट बघतायत. आमचा मुलगा जन्मला तेव्हा दवाखान्याच्या दारात हा चेहरा मी पाहिला होता. त्यानंतर नाही.

बारा वर्षं दर रविवारी हा चेहरा माझ्या शेजारी, हातभर अंतरावर होता. आणि बारा वर्षं माझी नजर रस्त्यावर होती.

घरी पोचल्यावर मी म्हटलं, वन्सं, अजून एक फेरी मारा. यांनी विचारलं, तुला त्रास नाही ना होत? मी नाही म्हटलं. माझा आवाज यांना वेगळा लागला असणार, पण यांनी विचारलं नाही.

कलम सात. सबब मी लिहून देते की माझ्या पश्चात पिवळी गाडी माझ्या नणंदेची. तिने ती विकू नये, काचेच्या आड ठेवू नये, चालवावी. हे हयात असेपर्यंत दर रविवारी त्यांना घेऊन जावं. तिचे गुडघे थकले तर तिने चालवणारा स्वतः निवडावा आणि यांनी त्याला कानाने पास करावं. मुलाने याला हरकत घेऊ नये. त्याला मी हे फोनवर वाचून दाखवलं, तेव्हा तो म्हणाला, "आई, पुढच्या सुट्टीत मलापण मागे बसायचंय."

कलम आठ. माझे डोळे काढून घ्यावेत. यांना उपयोगी नाहीत, कोणाला तरी पडतील. बाकी देहाचं जे सोपं असेल ते करावं.

कलम नऊ. या मृत्युपत्राची अंमलबजावणी खरादी मिस्त्रींनी करावी. त्यांना काही मोजमापाची शंका आली तर यांना विचारावं.

कलम दहा. मी जिवंत आहे तोपर्यंत गाडीच्या मागच्या सीटवर, उजव्या बाजूला, जिथून यांचा चेहरा दिसतो त्या जागेवर, माझा एकटीचा हक्क राहील. मुलाने सुट्टीत आल्यावर डावीकडे बसावं. हा हक्क मी कोणालाही देत नाही.

वरील सर्व मजकूर मी स्वतः लिहिला, स्वतः वाचला, आणि मोठ्याने वाचून यांना ऐकवला. यांनी एकच दुरुस्ती सांगितली: डबे आठशे नव्हते, सहाशे बारा होते. तेवढी मान्य आहे.

सही (स्वहस्ते, काळ्या शाईत)
लिहून देणार

साक्षीदार पहिला: खरादी मिस्त्री. बाईंनी आमच्यासमोर सही केली. हात थरथरला नाही. सही.

साक्षीदार दुसरी: शेजारची नर्सबाई. सही करण्याआधी नाडी पाहिली, ठीक होती. सही.

(ज्याला लाभ मिळतो त्याने साक्षीदार होऊ नये असं वकीलबाईंनी सांगितल्यामुळे नणंद बाहेर गाडी पुसत थांबली आहे.)

ठिकाण: राहतं घर, पुढची खोली.
दिनांक: फेब्रुवारीचा दुसरा रविवार, सकाळी साडेआठ. पुढचं लिहिणं थांबवते, गाडी चालू झाली आहे.